खंडेनवमीला पुजलेलं पॉलिमरेज

तीर्थरूप आकाराममामा, बेंगळुरूहून तुमच्या पृथ्वीराजचं डोकं तुमच्या पायांवर. मी बरा हाय. मामीचा गुडघा काय म्हणतोय, नवी म्हैस दोन्ही येळंला दूध देती का, कोडोलीत पाऊस उघडला का, सगळं कळवा. (मी दुपारपासून जेवलो न्हाय, हे मामीला सांगू नका.)

पेठ वडगावच्या तुमच्या दोस्ताकडं तुम्ही शब्द टाकलासा, म्हणून त्यांच्या लेकीनं, प्रियदर्शनी मॅडमनं, मला तिच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला घेतलं. मॅडमचं काम नीट ध्यानात घ्या मामा. आपल्या अंगातल्या एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की आतल्या डीएनएची नक्कल करावी लागती. ती करणारं गडी म्हणजे पॉलिमरेज. त्यातला अल्फा नुसता नारळ फोडतो. सुरुवातीचा तुकडा घालून दिला की चालला, चुकलं का बघायला थांबत न्हाय. मग दोन धाग्यांपैकी एकावर एप्सिलॉन नांगरागत सरळ तास धरून जातो. दुसरा धागा उलट्या दिशेचा, म्हणून तिथं डेल्टा थोडं भरतो, मागं येतो, पुन्हा थोडं भरतो. पण हे दोघं इमानदार, आपली चूक जागच्या जागी खोडून दुरुस्त करत्यात. (चौथा गॅमा. पेशीला ताकद पुरवणारा एक कारखाना असतोय, तिथला डीएनए तो एकटाच सांभाळतो, ह्यांच्यात मिसळत न्हाय. भावकीत असतंयच की असं एक घर.)

अल्फा, डेल्टा, एप्सिलॉन मॅडमनं तीन म्हयनं खपून वेगळं काढलं आणि बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत घालून फ्रीजरात ठेवलं. खंडेनवमीला सगळी सुट्टीवर. म्हटलं, घरात आपण विळा, कुऱ्हाड, मोटरचा पान्हा पुजतो, मग हितलं हत्यार कुठलं? खरं राबणारं तर हेच! नळ्या पाटावर मांडल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, ऊदबत्ती ओवाळली आणि दोन तास तशाच बसवल्या. (घाईत पूजा उचलू नये.) परत ठेवताना फ्रीजरवरची इंग्रजी पाटी एकेक अक्षर लावून वाचली. नळ्या बाहेर काढल्या तर बर्फातच ठेवायच्या, न्हायतर मेल्या.

आज मॅडम आली. एरवी इंग्रजीत बोलणारी, आज एकदम वडगावची झाली. "पृथ्या, ह्या नळ्यांस्नी हळद कुणी लावली रं?" उद्या दुपारी ती तपासणार, त्यात जीव हाय का गेला. गेला असला तर तिचं तीन म्हयनं पाण्यात आणि मी रस्त्यावर.

तुमचा भाचा,
पृथ्वीराज

ता. क. पत्र पोस्टानं उद्यापर्यंत पोचायचं न्हाय, म्हणून फोटो काढून तेजस्वीच्या मोबाइलवर धाडतोय. तुमच्या लेकीला म्हणावं, मोठ्यानं वाचू नको.

पुन्हा ता. क. हळद कुणी लावली म्हटल्यावर माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मामांनी फोनवर सांगितलं, हत्यारं पुज म्हणून." मॅडम म्हणाली, मग मामांनाच इचारते. उद्या सकाळी धा वाजता तिचा फोन येईल. "व्हय, मीच सांगितलं" एवढं म्हणा. कुठली हत्यारं म्हणून इचारलं तर अडकू नका, म्हणून वर सगळं फोडून लिवलंय. रातच्याला दोनदा वाचा.

आणि फोन आला की मामीला गोठ्यात धाडा. ती खरं बोलती.