ड्रायव्हरच्या सीटचं माप

अहो,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा शोधत बसू नका. चहा थर्मासमध्ये आहे. शेडमध्ये गाडी नाही म्हणून घाबरू नका, मीच नेलीय.

पहाटे शेड झाडायची म्हणून गाडी बाहेर काढायला गेले. सहा वर्षं तुम्ही ती जुनी गाडी दुरुस्त करत बसलात आणि मी त्या खटाऱ्याच्या नावाने खडे फोडले, तेव्हा आत बसताना कसंतरीच वाटत होतं. म्हटलं, सीट तुमच्या उंचीची, माझे पाय काही ब्रेकला पोचायचे नाहीत. बसले, तर बरोबर पोचले. आरसेही माझ्याच नजरेच्या रेषेत.

गेल्या वर्षी सुतळीने माझ्या कमरेपासून टाचेपर्यंतचं माप घेतलंत, म्हणालात स्टूल करतोय. स्टूल अजून आलेलं नाही.

मग राहवलं नाही. खाणीमागच्या चढावर नेली. तुम्ही दहादा सांगितलेला तो छोटा दांडा ओढला, आणि चारही चाकांनी दगड असे धरले की गाडी एकदाही मागे घसरली नाही. एवढं मोठं धूड, माझ्या हातात मांजरासारखं. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं आणि सीटवरून, त्या दांड्यावरून हात फिरवला. हे सगळं तुम्ही चाचपून केलंत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला काय सांगितलं, ते मी विचारणार नाही.

आता डिझेल भरून येते. बॅग भरून ठेवा, आजच फिरायला निघू. गिअर चुकला तर ओरडायचं नाही. तुमच्या बाजूची काच आतून-बाहेरून लख्ख पुसलीय. जेवढं दिसेल तेवढं बघा, उरलेलं मी सांगेन.