पावलाचा जुना साचा

माझ्या लाडक्या लेकीस,

तू नोकरीच्या गावी, आणि तुझी चिमणी माझ्यापाशी. मागच्या महिन्यात शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सात वर्षांची पोर, पण पळायचं नाव घेत नाही. डॉक्टरांना दाखवा." दूध वाढवलं, पाय चोळले, शेवटी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिचे बूट काढले आणि हसल्याच. "आजोबा, पाय ठणठणीत आहेत. बोटं तेवढी बुटात मुडपलीत. कोणत्या महाभागानं शिवले हे?"

महाभाग समोरच उभा होता. चाळीस वर्षं साऱ्या गावाचे बूट शिवतोय, पण नातीचे शिवताना गेल्या वर्षीचाच लाकडी साचा घेतला. तिचं माप मला पाठ आहे म्हणून मिरवत होतो ना!

"अगं, दुखतंय म्हणून बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिवलेत ना, आबा. मला वाटलं, माझेच पाय चुकलेत."

नवे बूट घातल्यापासून ती कुणाच्या हाती लागत नाही. आज तर बाईच तिच्यामागे धावत होत्या.

हे पत्र काही मी टाकणार नाही, तू जन्मभर चिडवशील. फोनवर एवढंच सांगेन, की पोर बोटभर वाढली.

तुझा महाभाग बाप