जमिनीखालचा मासा

१० ऑक्टोबर २००४, रविवार

संगमेश काल परत जपानला गेला. जाताना गेम माझ्या हातात कोंबला. "वहिनी, दादानं तुमच्यासाठी धाडलाय. येळ जाईल की!"

दादा म्हणजे आमचे हे. दोघं कागलच्या एकाच कंपनीतले, आठ महिन्यांसाठी तिकडं शिकायला गेलेत. संगमेश गणपतीला रजा काढून आला. आमच्या ह्यांना रजा मिळाली नाही — की मागितलीच नाही, देव जाणे! नवऱ्याऐवजी तळहाताएवढं यंत्र आलं.

हा खेळाचा दुसरा भाग. पहिला दोघांनी तिकडंच संपवला. त्यात एक पोरगा मुळ्यांचं गाव वाचवतो म्हणे. "आन् दुसऱ्यात?" मी विचारलं. "ते तुम्हीच बघा!" पण कागदावर सगळं लिहून दिलंय बिचाऱ्यानं. कुठलं बटण कशाचं, कुठल्या दुकानात काय. खाली जपानीत सही — संगू.

१२ ऑक्टोबर

सुरुवातीलाच गेम विचारतो, पहिल्या भागातल्या पोराचं नाव काय? नावाला चार घरं. आमच्या ह्यांच्या वहीतला जपानी अक्षरांचा तक्ता घेऊन बसले. अव्वा (सासूबाई) ह्यांना ज्या नावानं हाक मारतात तेच बसलं — जया. लग्नाला दोन वर्षं झाली, उखाण्याशिवाय तोंडातून कधी काढलं नाही. इथं बोटानं घातलं. बोटाला कोण विचारतं!

भूमिकाला सांगितलं नाही. चिडवून जीव घेईल. ती संगमेशची बायको, गल्लीतच राहते. घरी फोन नाही, म्हणून रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसते. त्यानं तिला चहाचा डबा आणलाय, त्यावरही जपानीत तीच सही करून दिलीय. दिवसातून दहादा पुसते तो डबा.

१६ ऑक्टोबर

हसून हसून पोट दुखलं. या गावात मुळे रडतात. बेडूक छत्री लावून टपाल वाटतो. भांडण लागलं की जया तलवार नाही, पळी काढतो! हरलेला शत्रू चहा पाजून जातो. आमचे हे घरी असताना स्वयंपाकघरात पळीला हात लावत नाहीत.

२१ ऑक्टोबर

खंडेनवमी. अव्वांनी विळी, कात्री, अप्पांचे (सासरे) नट-बोल्टचे पाने मांडले आणि शेजारी गेमसुद्धा! त्यालाही विभूती ओढली. "यंत्रच हाय की त्ये बी," म्हणाल्या.

२२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून आले आणि दुपारी गेम काढला. गावाच्या मधोमध घंटा आहे. तिच्यापाशी गेलं की काहीतरी विचारतात. वाचता आलं नाही. कागदात बघायचा कंटाळा केला. 'हो' दाबलं.

गावाखाली एक मोठा मासा झोपलेला असतो. घंटेनं तो जागा झाला. कूस बदलली. जमीन फाटली आणि जया आत गेला.

मग कागद बघितला. "घंटा वाजवू नका. आधी सगळं गाव फिरून घ्या. माशानंतर पोरगा सापडेपर्यंत त्याची जोडीदारीण एकटीच." म्हणजे दुसरा भाग हा असा. आता शोधायचं मी.

सणाच्या दिवशी हे काय करून बसले! 

२३ ऑक्टोबर, शनिवार

जपानात भूकंप. संध्याकाळी टीव्हीवर. हे राहतात तोच भाग. रस्ता दुमडलेला, घरं आडवी.

फोन लागत नाही.

अप्पा म्हणाले, "लाइनी तुटल्या असतील. गप बसा समद्यांनी." स्वतः मात्र अंगणात फेऱ्या मारत होते. भूमिका माझा हात धरून बसली.  घंटेचं कुणाला सांगू? वेडी म्हणतील.

२४ ऑक्टोबर, रविवार

फोन नाही. कंपनीचे साहेब म्हणतात, चौकशी चालू आहे.

गेम उघडला. न उघडून राहवेना. उघडला की पहिलीच ओळ येते, तिचा अर्थ कागदावर दिलाय — "जया अजून सापडला नाही." बंद केला. परत उघडला. परत तेच. रोज हेच म्हणणार का हा?

कागदावर होतं, बदकाच्या दुकानात नाव बदलता येतं. एकदाच. गेले. चष्मा लावलेलं बदक, चार मोकळी घरं. काय घालू? आमच्या आजोबांचं घालावं, ते गेलेत, त्यांना काय व्हायचंय! पण गणपतराव त्या घरांत मावेना. तक्ता दिसेनासा झाला डोळ्यांतल्या पाण्यानं. मांडीवर कागद होता. खाली संगमेशची सही होती. नुसतं बघून उतरवायचं होतं.

उतरवलं.

काय करतेय ते मला कळत होतं. ते इथं लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणेन कळलं नव्हतं.

ओळ बदलली. मला बरं वाटलं. भूमिका बाहेर अव्वांच्या पायाला तेल लावत होती.

२५ ऑक्टोबर

फोन नाही.  भूमिकाकडे बघवत नाही.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी फोन! हे! "मी बरा हाय. शाळेत ठेवलंय आमास्नी. रडू नको." अव्वांनी फोन ओढून घेतला, "जया, जया" करत राहिल्या. भूमिका माझ्या पाठीशी उभी, पदर तोंडात धरून.

मी फोन परत घेतला. संगमेशचं विचारलं.  हे हळू म्हणाले, "शनवारी सुट्टी म्हणून डोंगरातल्या गावाला गेलता. बसनं. दरड आलीया त्या रस्त्यावर. अजून सापडला न्हाय."

तीच ओळ. शब्दाला शब्द.

तो शनिवारी गेला. नाव मी रविवारी बदललं. शंभरदा मोजलं. माझा दोष नाही. मग परत परत का मोजतेय?

२७ ऑक्टोबर

भूमिका सकाळीच आली. झोप नाही, वेणी नाही. काहीतरी हातात हवं म्हणून तिनं गेम उचलला, चालू केला. आणि ओरडली. "अक्का! ह्यांचं नाव! डब्यावरचीच अक्षरं की ही! ह्येनीच घालून ठिवलंय जाताना — मला दिसावं म्हणून!" मग रडत हसली. नावापुढं काय लिहिलंय, तिला वाचता येत नाही. गेम माझ्या हातात दिला.

"तुमी खेळा, अक्का. सापडंस्तवर थांबू नका."

मी हो म्हणाले.