अप्पा बसलेत तिथे

२८ मार्च, औराद
बॅग भरून झाली. इतिहासाच्या शिक्षकांची चीनची अभ्याससहल. आमच्या तालुक्यातून मी एकटीच. लिंगपूजेचं सामान वर, चिवडा खाली. एवढ्यात थोरल्या भावाचा, अण्णाचा फोन. कमठाण्याचं रान विकायचं म्हणतो.
"पोरं हैदराबादेत, माझे गुडघे गेले. रान कोन करायचं, नंदे?"
खरंच आहे. पण त्या रानाच्या कोपऱ्यात आमच्या वडिलांची, अप्पांची समाधी आहे. आल्यावर बोलू म्हटलं.

२ एप्रिल, शिआन
मातीचे सैनिक पाहिले. मेलेल्या सम्राटाच्या पहाऱ्याला केव्हाचे उभे. बाकीचे मास्तरलोक फोटोत दंग. मला अप्पा आठवले. त्यांच्याजवळ फक्त कडुलिंब. रान विकल्यावर तोही...

५ एप्रिल
इथे आज पितरांच्या थडग्यांची झाडलोट करायचा सण. गावातल्या एका कुटुंबाबरोबर गेलो. सुना, नातवंडं, सगळे गवत उपटत होते. मीही लागले. म्हातारीने नवऱ्याच्या थडग्यापुढे संत्री सोलून ठेवली आणि चक्क भांडली त्याच्याशी. यंदा छप्पर का गळलं म्हणून!
मी विचारलं, यांना कुठे तोंड करून बसवलंय? दुभाषी मुलगी गोंधळली. बसवलेलं नाही, आडवं ठेवलंय म्हणे. आमच्यात माती देताना माणसाला मांडी घालून बसवतात, ते तिला सांगितलं. तिने म्हातारीला. म्हातारी म्हणाली, "बरंय की. मग तुम्ही जाऊन समोर बसत असाल."
अप्पांसमोर शेवटची कधी बसले, आठवेना. लाज वाटली.

१२ एप्रिल, कमठाणा
सकाळीच रानात आले. समाधीवर गवत माजलंय, कट्टा दिसेना. उपटत बसले. अण्णा लंगडत आला.
"चीनला जाऊन गवत उपटायचं शिकलीस व्हय?"
"अण्णा, अप्पांचं काय करायचं?"
"उद्या घेणारा यायलाय. त्याला मोकळं रान पायजे."
खाली वाकून तोही उपटायला लागला. मला रडू आलं.

१३ एप्रिल
घेणारा आला. विहीर बघितली, बांध फिरला. कोपऱ्यात थबकला. कट्ट्यावर ताजी विभूती, संत्री.
"हे काय?"
अण्णा काढून टाकू म्हणेल, या भीतीने मी खालीच बघत होते.
अण्णा म्हणाला, "आमचे अप्पा हाईत. बसल्यात."
माणूस कळवतो म्हणून गेला.
विकायचं की नाही, मी विचारलं नाही. दुपार झाली. गुडघे दुखतात तरी अण्णा मांडी घालून अप्पांसमोर बसलाय. जेवायला हाक मारली तर म्हणतो, "तू हो पुढं. बोलायलोय."