अर्धा बरोबर एक तृतीयांश

सोमवार, ३ मार्च

एक पेपर परीक्षणाला आलाय. लेखक — सर! माझे गाइड. आणि परीक्षकाचं नाव गुप्त. देव आहे म्हणायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी माझा लेमा, म्हणजे पुढच्या प्रमेयांचा पाया ठरणारं छोटं प्रमेय, त्यांनी स्वतःच्या नावावर छापला. विचारलं तर म्हणाले, "तू लहान आहेस गं, तुला पुढे खूप संधी मिळतील." आभारात होतं माझं नाव. टंकलेखनासाठी. हा नवा पेपर त्याच लेमावर उभा आहे.

बुधवार, ५ मार्च

विषय आमचा जुनाच. अचानक उडी मारणारी फलनं, म्हणजे फंक्शन्स, त्यांचे काटे, टोकं. त्यांचा नेहमीसारखा गुणाकार होत नाही. म्हणून एक मोठं बीजगणित बांधायचं, जिथे गुणाकारही चालेल आणि विकलनही, म्हणजे बदलाचा दर काढणंही. सरांची भाषा तशीच गुळगुळीत. तेरा पानं झाली, कुठे बोट ठेवायला जागा नाही. जळफळाट नुसता.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं! पान चौदा.

पायरीसारखं फलन घ्यायचं — शून्य, शून्य, आणि एकदम एक. शून्याचा वर्ग शून्य, एकाचा एक. म्हणजे फलन आणि त्याचा वर्ग सारखेच वाटतात. पण या बीजगणितात ते फक्त लांबून सारखे दिसतात, उडीच्या जागी वेगळे असतात. तिथे 'जवळपास सारखे'चं चिन्ह हवं. सरांनी चक्क 'बरोबर' ठोकलंय. आता दोन्ही बाजूंना फलनाच्या विकलजाने, म्हणजे त्याच्या बदलाच्या दराने, गुणा आणि संकलन करा — अर्धा आणि एक तृतीयांश समान येतात. सगळा डोलारा आडवा.

नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "एकटीच काय हसतेस?"

म्हटलं, "सरांची हजामत चाललीये."

शनिवार, ८ मार्च

अहवाल लिहिला. 'प्राथमिक चूक' तीन वेळा. चौथ्यांदा लिहिताना हात थांबला. पान चौदावरची ती ओळ माझ्या लेमाच्या सिद्धतेतली आहे.

माळ्यावरून जुनी वही काढली. माझंच अक्षर. बरोबरचं चिन्हही माझंच. पान चौदाशी ताडून पाहिलं, तीच ओळ.

रविवार, ९ मार्च

पण हे माहीत कुणाला आहे? जगासाठी लेमा सरांचा. माझ्या मेहनतीवर डल्ला मारलात ना, आता चुकीसकट पचवा.

पाठवला. एक शब्द कमी केला नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

संपादकांचं पत्र. सरांना चूक मान्य आहे. जाहीर निवेदनही छापायला दिलंय — लेमा मुळात त्यांचा नव्हेच, एका विद्यार्थिनीचा. श्रेय तिला न दिल्याची खंत वाटते. पुढे माझं पूर्ण नाव.