अर्धा राब

६ एप्रिल
आणखी एका विद्यापीठाचं उत्तर. पीएचडीला जागा आहे, फेलोशिप नाही. म्हणजे लग्नाला या, पण घरून जेवून या.
कॉलेजात शिकवायच्या तासिका संपल्या. जूनमध्ये परत बोलावतील का, कुणी सांगत नाही. आई वाशिंदला, दादाच्या बाळापाशी. घरात मी आणि मांजर. तेही जेवायला शेजारी गोविंदकाकांकडे जातं.

९ एप्रिल
मेल आला!! मातीवर काम करणाऱ्या एका मॅडमच्या प्रकल्पात फेलोशिपची एक जागा आहे. माझा विषय त्यांना आवडला. भाताची रोपं टाकायच्या आधी आपण राबावर पालापाचोळा जाळून जमीन भाजतो, तेव्हा मातीतल्या जिवाणूंचं काय होतं?
अट एकच. अर्धा राब भाजायचा, अर्धा तसाच ठेवायचा. दोन्हीकडची माती घेऊन महिनाअखेर मुलाखतीला यायचं.
दादाला फोन केला. "शिकायला पैसं देतात? फसवनूक नाय ना?" आईशी बोलणं झालंच नाही, तिच्या कडेवर बाळ रडत होतं. मग मांजराला सांगितलं.

१३ एप्रिल
अर्धा राब भाजला, एकटीने. काका बांधावरून बघत होते. "ह्यो अर्धा कां ठेवलास गो?"
"राहू द्या, काका." समजावून सांगायचा कंटाळा केला.

२१ एप्रिल
गावातले सगळे राब भाजून झाले. माझाच अर्धा उरलाय. किन्हवलीला मातीसाठी पिशव्या आणायला गेले, तिथे शाळेतली मैत्रीण भेटली, कडेवर मूल. "अजून शिकतेसच?" म्हणाली. हसले. घरी आल्यावर हसू काही आलं नाही.

२६ एप्रिल
मुरबाडला झेरॉक्स काढायला गेले होते. परत येताना सिद्धगडावर ढग. आमच्या शेतात धूर, राखून ठेवलेल्या अर्ध्या राबावर.
काका काठीने निखारे सारखे करत होते, तोंड काळंठिक्कर. "आभाल भरून आलं गो. भिजला तं भाजनार कवा? तुजा बाप नाय, पन मी हाय ना. त्याचा राब कदी मागं नाय रायला."
काकूंनी भाकरी आणली. खाताना रडू आलं. त्यांना वाटलं, बाबांची आठवण आली. तसंच वाटू दिलं.
पाऊस पडलाच नाही.

२८ एप्रिल
अख्ख्या गावात न भाजलेला राब नाही. बांधापलीकडची माती भरून वर 'न भाजलेली' लिहिलं तर? मॅडमना काय कळणार आहे! दिवसभर हेच डोक्यात.
दादा फोनवर म्हणाला, "सोड ना. कंपनीत विचारतो तुज्या नोकरीचं."
काकांना सांगितलं नाही. बाबा गेल्यापासून न बोलावता आमच्या शेतात येणारं ते एकच माणूस. तेही तुटलं तर मी बोलू कुणाशी?

२९ एप्रिल
उद्या मुलाखत. दोन्ही पिशव्या भरल्या, आपल्याच राबातून. पहिलीवर लिहिलं, 'भाजलेली'. दुसरीवर पेन टेकवून बराच वेळ बसले. मग तिच्यावरही तेच लिहिलं.
आता मॅडम काय म्हणतील ते म्हणोत. ही जागा गेली तर दुसरी माझ्या माहितीत नाही. भीती वाटतेय, खूप.
काका डोकावले. "पहाटे एसटीपर्यंत येतो सोडायला. एकटी नको जाऊस."
पिशव्या तेच उचलणार आहेत.