गणपतीच्या कानापर्यंत

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फुगून जाऊ नकोस.

काल तुझं वर्षश्राद्ध झालं आणि आज सकाळीच मी दारात स्टूल मांडलं. वर्षभर या दिवसाची वाट बघितली! गेल्या साली ऐन दिवाळीच्या तोंडावर तू गेलास. हिरव्या तेलरंगाचा नवा डबा मी तेव्हाच आणून ठेवला होता. पण घरातलं माणूस गेलेलं, वर्षभर सण नाही, दाराला रंग नाही. जिवंतपणी माझ्याशी एक शब्द बोलत नव्हतास आणि मेल्यावर मात्र तुझं सुतक मला लागलं! डब्यातल्या रंगावर साय धरली. अधूनमधून झाकण उघडून मी ती बघायचो आणि तुला शिव्या द्यायचो.

वाटणी कशी झाली, आठवतं का तुला? बाबा गेले, निजामाचं राज्य गेलं आणि त्याच साली परतूरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात पंच बसले. भांडी वाटून झाली, बैल झाले, मधली भिंत कुठं घालायची तेही ठरलं. राहिलं दार. तू मांडीसुद्धा न बदलता म्हणालास, "त्याला पुढचं दार कशाला पाह्यजे? मागून वाट काढून द्या, गोठ्याकडून."

गोठ्याकडून! मी काय जनावर होतो, अण्णा? माझं नुकतंच लग्न झालेलं. नवी नवरी आतून सगळं ऐकत होती. तिच्यासमोर मला मान वर करता आली नाही.

शेवटी पंचांनीच दाराचं एक कवाड तुला दिलं, एक मला. चौकटही मधोमध वाटून दिली. तेवढा वरच्या गणेशपट्टीवरचा लाकडी गणपती वाटायचा राहिला. देवाचे दोन भाग कोण करणार?

पहिल्या दिवाळीला मी हिरवा रंग आणला. हौस म्हणून नाही आणला. मोंढ्याच्या धान्यबाजारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून दिसावं, की हे अर्धं दार किसनचं आहे आणि किसन पुढूनच आत जातो. दुसऱ्या दिवशी बघतो तर तुझा अर्धा भाग तांबडा! रंगाच्या दुकानातले शेठजी मला हसत म्हणाले, "तुमचे अण्णा आल्ते की. पह्यलं इचारलं, किसननं कोन्ता नेला? मंग म्हन्ले, त्याच्याजवळ बिलकुल शोभायचा न्हाई असा एक द्या."

खरं सांग, तुला तांबडा कधी आवडला होता का? आष्टीच्या बाजारात हिरवी भिंगरी पाहिजे म्हणून रस्त्यात लोळलेला तूच ना? केवळ मला चिडवायला तू इतकी वर्षं नावडत्या रंगाच्या दारातून ये-जा केलीस. धन्य आहे तुझी!

दर दिवाळीला तू तुझा रंग गणपतीच्या एका कानापर्यंत आणायचास, मी दुसऱ्या कानापर्यंत. पुढं सरकायची छाती दोघांचीही नव्हती. चौकट चकचकीत, आणि मधे बिचारा गणपती धुरानं काळा पडलेला. सगळी गल्ली हसायची. एकदा तुझा कुंचला चुकून कानावर चढला. मी खाली कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. तू फडकं रॉकेलमधे बुडवलंस आणि कान पुसून काढलास. तेवढं इमान तुझ्यात होतं, हे कबूल करतो. नाइलाजानं करतो.

तू गेलास त्या दिवशी मी माझं कवाड लावून आत बसलो होतो. भिंतीपलीकडचं रडणं ऐकू येत होतं. मग वहिनींनी कवाड वाजवलं. "भावजी, कवाड उघडा. ह्यांना बाहेर न्ह्यायचंय. एका कवाडातून जमंना."

अण्णा, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तुझंच वाक्य! मागून न्या, गोठ्याकडून. किती वर्षं जपून ठेवलं होतं मी ते! आणि तुला आता उलटून बोलता येणार नव्हतं. मी कडी धरून तसाच उभा राहिलो. बाहेर वहिनी थांबल्या होत्या. त्या रडतही नव्हत्या, परत वाजवतही नव्हत्या. मी कडी काढली.

का काढली, ते विचारू नकोस. मला अजून स्वतःचा राग येतो. सूड घ्यायची इतकी चांगली वेळ आली आणि मी तुझे पाय धरून तुला उचलू लागलो! वाटणीनंतर एकाही दिवाळीला मी ज्या पायांना हात लावला नव्हता, तेच पाय. चौकटीखालून तुला नेताना वर बघितलं. एका कानापर्यंत तांबडा, एका कानापर्यंत हिरवा. तिथंच ठरवलं, वर्ष सरू दे, ही चौकट मी एका रंगाची करणार. सगळी हिरवी. बघतो तू काय करतोस.

म्हणून आज स्टुलावर चढलो. आधी गणपती खरवडला आणि शेंदरी रंगवला. मी एकट्यानं. दोन्ही कान! हिरव्याचा डबा उघडला, साय बाजूला केली, तेवढ्यात वहिनी तुझा उरलेला तांबडा डबा घेऊन बाहेर आल्या.

"भावजी, ह्यांच्या बाजूला हिरवा लावायचा न्हाई. मला बजावून गेलेत."

"वहिनी, आता तरी एक रंग होऊ द्या. लोक हसून राह्यले."

"होऊ द्या की. एकच पाह्यजे तर सगळा तांबडा करा!" असं म्हणून त्यांनी तुझं कवाड धाडकन लावून घेतलं.

बघितलंस? मेलास तरी वहिनींच्या तोंडून भांडतोसच. मी कुंचला फेकला आणि हे पत्र लिहायला बसलो. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की वहिनी मला चांगला रस्ता दाखवून गेल्या आहेत.

तर आता ऐक. या दिवाळीला मी सगळी चौकट आणि दोन्ही कवाडं तुझ्या तांबड्या रंगानं रंगवणार आहे. हिरवा उरलाय तो गोठ्याच्या दाराला. माझी माया उतू चालली आहे, असं समजू नकोस. माझ्याजवळ शोभायचा नाही असा रंग शोधत होतास ना? आता तोच माझ्या अर्ध्यावर बसेल. कुठपर्यंत तुझं आणि कुठून माझं, ते कुणालाच कळणार नाही. तुलासुद्धा नाही. आणि दोन्ही कवाडं सताड उघडी टाकून मी दिवसभर पुढच्या दारानं आत-बाहेर करीन.

हात चालतो आहे तोवर दर दिवाळीला हेच करीन, अण्णा. सहन होत नसेल तर ये आणि भांड.

त्याच दाराचा अर्धा मालक,
किसन